डेक बदलायचा होता, अडलं झोनिंगच्या खिडकीवर

आमच्या टाऊनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, झोनिंगच्या (कुठे काय बांधता येतं ते बघणाऱ्या विभागाच्या) खिडकीबद्दल मी घरात बोलायला लागले की आता सगळे विषय बदलतात. म्हणून इथे लिहिते. न्यू जर्सीत कोणाला घरामागचा डेक, म्हणजे लाकडी ओटा, काढून नवा करायचा असेल, तर उपयोग होईल.

घर १९९० च्या दशकातलं, डेकही तेव्हाचाच. वरच्या फळ्या अधूनमधून बदलत होतो, त्यासाठी कधी कोणाला विचारावं लागलं नाही. या वसंतात कॉन्ट्रॅक्टरने घराच्या भिंतीला लागून असलेल्या आडव्या लाकडात, म्हणजे लेजर बोर्डात, स्क्रूड्रायव्हर खुपसला तर तो मुठीपर्यंत आत गेला. डेकचा एका बाजूचा सगळा भार त्या लेजरवर असतो, आणि आमचा तर नुसत्या खिळ्यांवर ठोकलेला निघाला. आजच्या कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमांत, नुसते खिळे चालत नाहीत, बोल्ट किंवा लॅग स्क्रू (जाड, लांब स्क्रू) लागतात. पुण्याहून सासू-सासरे उन्हाळ्यात येणार, त्यांची सकाळ-संध्याकाळची बैठक तिथेच. डागडुजीचा प्रश्नच उरला नाही. आणि लेजर, जॉइस्ट (फळ्यांखालच्या तुळया), खांब किंवा पाया यांतलं काहीही बदलायचं म्हणजे आमच्याकडे परमिट आलंच.

टेक्सासमधले दीर म्हणाले, "वहिनी, छोट्या डेकला परमिट लागत नाही, कोडमध्येच लिहिलंय." लिहिलंय खरं. पण इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमधल्या त्या सवलतीला चार अटी आहेत: २०० चौरस फुटांपेक्षा मोठा नको, जमिनीपासून कुठेही ३० इंचांपेक्षा उंच नको, घराला जोडलेला नको आणि घराच्या मुख्य बाहेर पडायच्या दारासमोर नको. चारही पाळल्या तरच सूट. शिवाय न्यू जर्सीत परमिट कशाला लागतं हे राज्याचा स्वतःचा युनिफॉर्म कन्स्ट्रक्शन कोड ठरवतो, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांचा सल्ला प्रेमाने ऐकावा आणि सोडून द्यावा.

फॉर्म भरण्यात सांगण्यासारखं काही नाही. एफ-१०० आणि एफ-११०, दोन्ही राज्याच्या साइटवर मिळतात. स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घराचं ड्रॉइंग मालकाने स्वतः काढलं तरी चालतं. अमेरिकन वूड कौन्सिलची डीसीए-६ नावाची मार्गदर्शिका फुकट आहे, तिच्यातले तक्ते बघून जॉइस्टची मापं बसवली. नवऱ्याला ड्रॉइंगचा भलताच अभिमान आहे, अजून फ्रिजवर लावलेलं आहे.

आता खिडकी.

कन्स्ट्रक्शन विभागाने फाइल ठेवून घेतली आणि म्हणाले, आधी झोनिंगची सही आणा, त्याशिवाय आम्ही ती उघडणार नाही. झोनिंग म्हणजे शेजारचीच खिडकी. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "जुन्या डेकचं परमिट?" म्हटलं, आम्ही घर घेतलं तेव्हा डेक होताच. त्यांनी कॉम्प्युटरवर पत्ता टाकला आणि म्हणाल्या, "रेकॉर्डला डेक नाही."

डेक डोळ्यांना दिसतोय, सॅटेलाइटच्या चित्रात दिसतोय, टाऊनशिप घराचं मूल्यांकन करते त्या कार्डावर त्याचे चौरस फूट लिहिलेत. पण परमिट सापडत नाही, म्हणून झोनिंगच्या लेखी तो नाही. आणि तो नाही, म्हणजे आमचं काम 'बदलणं' नव्हे, 'नवीन बांधणं'. नव्या बांधकामाला आजचे सेटबॅक लागू, म्हणजे मागच्या हद्दीपासून सोडायचं अंतर. आमचा प्लॉट कोपऱ्यावरचा आणि तिरका, डेकचं एक टोक त्या अंतरात किंचित घुसतं. मग उपाय काय? बाई शांतपणे म्हणाल्या, "व्हेरियन्स."

व्हेरियन्स म्हणजे नियमातून खास सूट, आणि ती मागायला झोनिंग बोर्डापुढे सुनावणी. त्यासाठी २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालमत्तेच्या मालकाला रीतसर नोटीस, जाहीर सूचना, आणि हे सगळं सुनावणीच्या किमान १० दिवस आधी. फी वेगळी. कुजलेला डेक आहे तिथे, आहे तेवढाच बांधायला अख्ख्या गल्लीला पत्रं पाठवायची!

ते मी केलं नाही. मी ओप्रा केलं. ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच कायदा. टाऊनशिपच्या क्लार्ककडे अर्ज द्यायचा, साधारणपणे कामकाजाच्या ७ दिवसांत उत्तर यायला हवं. आलं: अशी नोंद उपलब्ध नाही. कारण त्यांनीही पत्त्यावरूनच शोधलं होतं.

इथे माझं डोकं चाललं, आणि हे सांगताना मला अजून बरं वाटतं. बिल्डरने कागद भरले तेव्हा घराला नंबर कुठे होता? कॉलनीच उभी राहत होती. इथल्या प्रत्येक जमिनीला ब्लॉक आणि लॉट असे दोन क्रमांक असतात, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर छापलेले. पुन्हा अर्ज केला, या वेळी पत्ता न घालता फक्त ब्लॉक, लॉट आणि 'बिल्डरच्या नावावरची सर्व बांधकाम परमिटं'. तळघरातल्या खोक्यातून स्कॅन होऊन आलं: डेकचं परमिट, ड्रॉइंग आणि शेवटची मंजुरी, सगळं घराच्याच फाइलमध्ये.

तो कागद घेऊन मी खिडकीवर गेले तेव्हा पेढे वाटायचंच बाकी होतं. बाईंनी तो बघितला, मान हलवली आणि ड्रॉवरमधून पट्टी काढली. आमच्या सर्व्हेच्या, म्हणजे प्लॉटच्या मोजणीच्या, नकाशावर लिहिलं होतं, १ इंच म्हणजे ३० फूट. त्यांनी समोरची हद्द मोजली आणि म्हणाल्या, "हा स्केलला नाही." घर घेतानाच्या कागदांत आलेली पीडीएफ घरी छापताना पानात बसवण्यासाठी प्रिंटर ती आपणहून आकसवतो, त्यामुळे पट्टीवरचे फूट खोटे पडतात. आकसलेल्या नकाशावर काढलेला डेक त्यांच्या लेखी परत नाहीच.

बाईंशी भांडण नाही. नियमही मला पटतो, नाहीतर जो तो बिनपरवान्याचा डेक 'जुनाच आहे' म्हणून पास करून घेईल. राग याचा आहे की हाच नकाशा पहिल्या दिवशीही त्यांच्यासमोरच होता. पट्टीही तिथेच, ड्रॉवरमध्ये होती. आणि भिंतीवर लावलेल्या कागदपत्रांच्या यादीत जुन्या परमिटबद्दल किंवा स्केलबद्दल एक अक्षर नाही. एका वेळी एकच हरकत सांगायची, ही कला आपल्या तहसीलची मक्तेदारी आहे असं मला वाटायचं.

नवा सर्व्हे करायला शेकडो डॉलर जातात. त्याआधी टायटल कंपनीला, म्हणजे घर घेताना मालकीचे कागद तपासणाऱ्या कंपनीला, विचारा. आमच्याकडे त्यांनी मूळ फाइल ईमेलवर दिली आणि प्रिंटच्या दुकानात ती पूर्ण मापात लीगल कागदावर छापून घेतली. सही झाली. पुढे कन्स्ट्रक्शन विभागाला तपासणीसाठी कामकाजाचे २० दिवस असतात, तेवढे लागलेही नाहीत.

बाकीचं सुरळीत. इन्स्पेक्टर चांगले भेटले. पायाचे खड्डे काँक्रीट ओतायच्या आधी दाखवायचे असतात. आमच्याकडे खोली ३६ इंच मागतात, थंडीत गोठणाऱ्या जमिनीने पाया उचलू नये म्हणून. आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर पाणी उपसून ठेवा. रेलिंगच्या गजांमधून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये आणि उंची निदान ३६ इंच हवी. लेजरवरचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून लावलेली पट्टी, त्यांनी वाकून वाकून बघितलं, आमचा जुना लेजर नेमका त्याच्याशिवाय कुजला होता.

खणायच्या आधी ८११ ला फोन, म्हणजे जमिनीखालच्या गॅस वगैरेच्या लाइनींवर खुणा करून मिळतात, हे वर यायला हवं होतं. फुकट आहे, पण न्यू जर्सीत कामकाजाचे पूर्ण ३ दिवस आधी कळवावं लागतं. गॅसची पिवळी खूण आमच्या एका खड्ड्याच्या इतकी जवळ निघाली की खांब सरकवावा लागला.

कॉन्ट्रॅक्टर राज्याकडे नोंदलेला आहे का बघा, नंबर १३व्हीएचने सुरू होतो. "परमिट तुम्हीच तुमच्या नावाने काढा" असं पहिल्याच भेटीत म्हणणाऱ्याला आम्ही चहा देऊन वाटेला लावलं.

जुनं लाकूड कोणाला शेकोटीसाठी देऊ नका. २००४ च्या आधीच्या डेकचं लाकूड बहुधा आर्सेनिकवालं असतं, त्याचा धूर विषारी. शेजारी मागायला आले होते, त्यांना समजावताना माझीच कंजुषी दिसली असावी.

आणि शेवटच्या तपासणीनंतर सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल हातात येईपर्यंत कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता देऊ नका. परमिट उघडंच राहिलं तर घर विकताना पुन्हा त्याच खिडकीवर जावं लागेल. आमचं सर्टिफिकेट ब्लॉक आणि लॉट लिहून स्कॅन करून ठेवलंय.