तुम्ही विचारलंत म्हणून : उजेडानं गारवा कसा येतो?

मी सांगलीत फिजिक्स शिकवतो. लेझरनं किंवा मायक्रोवेव्हनं (तोही डोळ्यांना न दिसणारा उजेडच) वस्तू थंड करता येते असं बोललो, की प्रश्न ठरलेला : "सर, उजेडानं वस्तू तापते. गार कशी होईल?"

शंका रास्त आहे. पण २०११ साली अमेरिकेत बोल्डरच्या एनआयएसटी या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेत हे करून दाखवलं. ॲल्युमिनियमचा इवलासा ढोल. रुंदी १५ मायक्रॉन, पडदा १०० नॅनोमीटर जाड, सेकंदाला सुमारे एक कोटी कंपनं. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, अगदी जवळ नेणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवला तरी तो थरथरतोच. उष्णता म्हणजे तीच थरथर. हा पडदा एका विद्युत मंडलाचा भाग असतो आणि मंडलाची स्वतःची ठरलेली वारंवारता असते. तिच्याहून, ढोलाच्या कंपनाइतक्याच, कमी वारंवारतेचे मायक्रोवेव्ह सोडायचे. एसटीत तिकिटाला रुपया कमी पडलेल्या माणसासारखी त्यांची गत होते. तो रुपया ढोलाकडून उचलतात तेव्हाच आत शिरतात, आणि जाताना घेऊनच जातात. असं चालत राहिलं की ढोल कंगाल. सरासरी ०.३४ फोनॉन उरला. फोनॉन म्हणजे कंपनाच्या ऊर्जेचा सुटा पुंज, याहून लहान तुकडा होत नाही.

वारंवारता जास्त ठेवली तर उलटं होतं, ढोल तापतो. म्हणजे विचारणाराही चुकत नाही.

सगळ्यात नेमका प्रश्न मात्र मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका कारागिरानं टाकला. घोडीवर तारेखालचा दोरा सरकवता सरकवता म्हणाले, "मग तार पुरती गप्प होते का?"

नाही होत. पुंजभौतिकी तेवढं होऊच देत नाही. किमान हालचाल शिल्लक राहतेच, फक्त ती कुणाला काढून घेता येत नाही. ओळखायचं कसं? ढोलावरून परतलेल्या प्रकाशात दोन भाग दिसतात : ढोलाला ऊर्जा देऊन आलेला आणि ढोलाकडून घेऊन आलेला. गारठा वाढला की दुसरा मावळत जातो, पहिला टिकतो. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या गटानं २०१२ मध्ये सिलिकॉनच्या सूक्ष्म पट्टीवर हा फरक मोजला. "घ्यायला तयार, द्यायला काही नाही," कारागीर हसले. मला वर्गात इतकं नेटकं सांगता आलेलं नाही.

हे फक्त इवल्या ढोलांचं नाही. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेचे आरसे ४० किलोंचे, तरी लेझरच्या प्रकाशकणांचे अनियमित धक्के त्यांनाही हलवतात, हे २०२० मध्ये मोजलं गेलं. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियालाही तो हिशेब ठेवावा लागेल.