अकरा नंबरला का बसवलं?

सामन्याचा संघ कोण निवडतं, असं कोल्हापूरबाहेरच्या कुणी विचारलं की मी 'मीच' म्हणतो आणि विषय बदलतो. कारण खरं उत्तर लांबलचक आहे. पेठेतला प्रत्येक माणूस आपापला संघ निवडून बसलेला असतो. त्यातल्या ज्याने जर्सीचे पैसे दिलेत त्याचं मत थोडं जड असतं, आणि ज्याचा पुतण्या राखीव बाकावर असतो त्याचं मत दिवसातून तीनदा कानावर येतं. आमच्याकडे संघ तालमीचा असतो, क्लबचा नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं पेपरात वाचणाऱ्यांना फुटबॉल संघांची वाटतात. आम्हाला ती गल्ल्यांची, घरांची नावं वाटतात. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात सोळा संघ, आणि सोळा पेठ-गल्ल्यांची ईर्षा. हरलं की दुसऱ्या दिवशी दूध आणायला जायचीही चोरी.

मी अशाच एका तालमीच्या संघाचा प्रशिक्षक आहे. कुठल्या, ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतीलच. ज्या पोराबद्दल लिहितोय त्याला विचारून लिहितोय. "लिहा की सर, आता काय हाय त्यात," असं तो म्हणाला. त्याला इथे अकरा नंबर म्हणतो.

प्रशिक्षकाच्या कामात प्रशिक्षण किती, हा वेगळाच विषय आहे. हंगामाआधी नोंदणीची पळवापळवी. नायजेरिया किंवा घानाचा खेळाडू आणला तर त्याची खोली, पोलिसांकडची नोंदणी, आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या रश्श्याने बिघडलेलं त्याचं पोट. नोकरीवाली पोरं सहाच्या सरावाला सातला येतात. फिजिओ नाही. एक बर्फाची पेटी आणि एक स्प्रे. पोरगं पडलं की स्प्रे मारायचा, उठलं की टाळ्या. एवढ्यावर आमचं वैद्यकीय खातं संपतं. लाखांची बक्षिसं लावणाऱ्यांना हंगामाला एक फिजिओ परवडत नाही, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

अकरा नंबर आमचा डावा विंगर. पेठेतलाच. शाहू स्टेडियमवर तो चेंडू घेऊन निघाला की आमची बाजू बसलेली उभी राहते. त्याची एकच चाल, पण ती कुणाला अडवता येत नव्हती: रेषेला धरून पळत जायचं, समोरच्या बॅकला, म्हणजे बचावपटूला, वाटायला लावायचं की हा कोपऱ्यात जाऊन क्रॉस मारणार, आणि अचानक डावा पाय रोवून उजवीकडे आत घुसायचं. तो पाय रोवण्याचा क्षण बघण्यासारखा असायचा. गुडघा वाकलेला, टाच किंचित उचललेली, सगळं अंग डाव्या पायावर, आणि पुढच्या निमिषात ते सगळं उजवीकडे फेकलेलं. बॅक बिचारा पुढे पळत राहायचा.

एप्रिलच्या सुमारास मला दिसलं की तो पाय रोवत नाहीये. वेग तोच होता, सरळ पळण्यात काही फरक नव्हता. पण थांबायची वेळ आली की बारीक बारीक पावलं टाकायचा, आणि आत यायचं असेल तर मोठा गोल घ्यायचा. जिथे काटकोनात वळायचा तिथे आता रिक्षासारखा वळत होता. उन्हाने मैदान कडक झालं की पोरं स्टड जपून टाकतात, तसं असेल असं आधी वाटलं. मग सरावाला मुद्दाम शंकू लावून आडव्या धावा करून घेतल्या. उजव्या पायावर वळताना झोकात, डाव्यावर वळताना चेहरा बदलायचा. एकदा गुडघा आतल्या बाजूला हलला, अगदी थोडा. ज्याने लिगामेंटची केस एकदा जवळून बघितलीय त्याला ती हालचाल विसरता येत नाही.

सराव संपल्यावर त्याला गाडीवर मागे बसवलं आणि रंकाळ्यावर नेलं. तिथे त्याने सांगितलं. एमआरआय झाला होता, पुढच्या लिगामेंटला अर्धवट फाट होती. एमआरआय मिरजेत जाऊन केला होता. हुशार पोरगं, कोल्हापुरात केला असता तर रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी पेठेत पोचला असता. घरी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात एका सरकारी खात्याची खेळाडू कोट्यातली चाचणी होती आणि त्यावर त्याच्या घराचं बरंच काही अवलंबून होतं. "सर, मंडळात कुणाला बोलू नका. बाहेर गेलं तर तिथंपातूर जातंय," म्हणाला. आणि पुढचं वाक्य, "सेमीफायनल तेवढी खेळतो, पट्टी बांधून."

मी म्हटलं, चाचणीचं तू आणि तुझ्या डॉक्टरने ठरवायचं. माझ्या अकरात तू नाहीस. डॉक्टर बरा म्हणेपर्यंत नाही. कुणाला सांगणार नाही, हा शब्द दिला.

शब्द देताना सामन्याच्या आदल्या रात्रीची बैठक माझ्या लक्षात होती.

आमच्याकडे मोठ्या सामन्याच्या आधी समर्थकांची बैठक होते. तालमीच्या खालच्या हॉलमध्ये. पूर्वी तिथे कुस्तीचा हौदा होता, आता फरशी आणि व्यायामाची मशीन आहेत, पण मारुती तिथेच आहे. वर्गणी, झेंडे, हुल्लडबाजी करायची नाही वगैरे पोलिसांचा निरोप, आणि मग 'सर दोन शब्द बोलतील'. खरं तर प्रशिक्षकाने आदल्या रात्री संघ सांगायचा नसतो. पण आमच्या एका पदाधिकाऱ्याला यादी पोटात ठेवता येत नाही. संध्याकाळीच ती ग्रुपवर गेली होती. मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा मशीनवर, जिन्यावर, जिथे जागा मिळेल तिथे माणसं होती.

"सर, आकरा नंबरला का बसवलासा?"

पहिलाच प्रश्न. विचारणारा माझ्यापेक्षा वयाने लहान, आवाज मोठा. मागून दुसरा: "बाहेरच्यास्नी पैसं मोजून आणायचं आन् आपलं पोरगं बाकड्यावर!" यावर टाळ्या. हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतो आणि त्यात तथ्य आहे. भारतात २०१७ साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्यात आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तेव्हापासून पेठेतल्या प्रत्येक बापाला वाटतं की आपलं पोरगंही तिथवर जाईल, फक्त कोचने खेळवलं पाहिजे. त्यांना कसं दोष देऊ? पण हेच लोक, बाहेरचा खेळाडू नसताना आपण हरलो की 'मंडळ कंजूष' म्हणतात.

मी कॅरमचा बोर्ड मागवला. भांडण तापलं की त्यांच्यापुढे काहीतरी ठेवायचं, हे मी अनुभवाने शिकलोय. नजर तोंडावरून हलते. पांढऱ्या सोंगट्या आमच्या, काळ्या समोरच्यांच्या, स्ट्रायकर म्हणजे चेंडू. समोरच्यांचा उजवा बॅक सारखा वर येतो, हे दाखवलं. काळी सोंगटी सरकवत पार आमच्या डीपर्यंत नेली. तो वर आला की आपला डावा विंगर त्याच्यामागे परत आला पाहिजे. अकरा नंबर चेंडू असताना राजा आहे, चेंडू गेला की उभा राहतो. म्हणून उद्या त्याच्या जागी परत धावणारा माणूस.

सांगताना मलाच पटत होतं. त्यात खोटं कमीच होतं: तो बॅक खरोखरच वर येत असे, आणि अकरा नंबर परत यायचा कंटाळा करतो हे मी त्याला कितीदा सुनावलेलं आहे. फक्त त्याला बसवण्याचं ते कारण नव्हतं. हॉलमध्ये माना हलू लागल्या. "शिस्टीमचा इशय हाय," एकाने दुसऱ्याला समजावलं. लोकांना निर्णय आवडला नाही तरी चालतो, कारण लागतं.

तेवढ्यात खिडकीजवळून तात्या बोलले. तात्या आमच्या तालमीचे जुने लेफ्ट-आऊट, म्हणजे आजच्या भाषेत डावे विंगर. आता पेन्शनीत. सामन्याला येतात, ओरडत नाहीत, शिव्या देत नाहीत, दुसऱ्या दिवशी तुम्हाला गाठून एखादी चाल पुन्हा सांगतात. या शहरात फुटबॉल बघणारे हजारो आहेत, फुटबॉल दिसणारे थोडे. तात्या त्यातले.

"सर, परत पळायचं सोडा," तात्या म्हणाले. "पोरगं परत पळतंय कवाबवा. त्ये थांबत न्हाई. मागल्या दोन मॅच मी बघतुय, डावा पाय रवतच न्हाई. आत घुसाय लागलं की गोल फिरतंय. काय तर हाय त्याच्या—"

'गुडघ्यात' हा शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत मी बोललो.

"तात्या, तुमच्या काळात बॅक वर येत नव्हतं. तवा विंगरनं सरबत पीत उभं राहिलं तरी चालायचं."

हॉल हसला. मोठ्याने, मांड्यांवर थापा मारून हसला. तणाव निघून गेला, कुणीतरी चहा आणला, कुणीतरी विषय झेंड्यांवर नेला. अकरा नंबर जिन्यावर बसला होता, खाली मान घालून. लोकांना वाटलं सरांनी परत न धावल्याबद्दल सगळ्यांसमोर काढलं म्हणून शरमलाय. तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग त्या पोराकडे, आणि चपला शोधून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक शून्यने जिंकलो. कॉर्नरवरून, बाहेरच्या खेळाडूच्या डोक्याने. आणि गंमत अशी की समोरचा तो उजवा बॅक त्या दिवशी फारसा वर आलाच नाही. त्यांच्या कोचनेही काहीतरी विचार केला असेल. आमचा परत धावणारा माणूस बराच वेळ परत धावायला काही नसताना धावत होता. तरी संध्याकाळी तालमीत माझ्या 'शिस्टीम'चं कौतुक. कॅरमबोर्डाची गोष्ट तर दोन पेठा ओलांडून गेली. फायनल टायब्रेकरवर हरलो, तेव्हा ते कौतुक आपोआप थांबलं.

अकरा नंबर उरलेला हंगाम बाकावर. तो वॉर्म-अपला रेषेवर आला की आमच्याच बाजूने आरोळी यायची, "मागं पळ रं!" प्रेमाने, चेष्टेने, पण रोज. माझं तालमीतलं वाक्य त्याला चिकटलं होतं. ती चाचणी तर पुढे ढकलली गेली, ज्या पद्धतीने सरकारी चाचण्या ढकलल्या जातात. तारीख नंतर कळवू. मग त्याने घरी सांगितलं आणि पावसाळ्यात ऑपरेशन झालं. मला वाटलं, आता लोक जुळवतील. कसलं काय. पेठेत पक्की झालेली गोष्ट अशी: सरांनी परत धावत नाही म्हणून बसवलं, पोराने जिद्दीने एकट्याने जादा सराव केला, आणि त्यात गुडघा गेला. काही जण तर मला दोष देताना अगदी हळवे होतात. मी खोडून काढलं नाही. पोराने परवानगी देईपर्यंत तो शब्द त्याचा होता.

तात्या मात्र सरावाला यायचे बंद झाले होते. सामन्यालाही समोरच्या बाजूला बसायचे. पोराने तोंड उघडायची परवानगी दिली त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं: मिरज, रिपोर्ट, रंकाळा, शब्द. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला ठावं हुतं," म्हणाले. "पोरगं जिन्यावर बसलं तवाच कळलं. उतरताना उजवा पाय आधी टाकीत न्हवतं."

"मग तुम्ही पुढं बोलला नाहीत, ते बरं झालं."

"न्हाई बोललो. पर तुमी हासीवलासा कशाला? 'तात्या, नंतर बोलू' म्हटलं असतं तर गप बसलो असतो की."

मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगतो. 'नंतर बोलू' म्हटलं असतं तर सगळा हॉल कान टवकारून बसला असता. नंतर काय, आत्ताच बोला. काहीतरी आहे हे लोकांना तिथेच कळलं असतं. हसू आलं म्हणून विषय मेला. त्या हॉलमध्ये खरं बघणारा एकच माणूस होता आणि पोराला झाकायचं तर त्याच माणसाला वेड्यात काढावं लागत होतं, दुसरा रस्ता मला दिसला नाही. अजूनही दिसत नाही, आणि म्हणूनच बहुधा हे लिहायला घेतलं.

तात्यांना हे पटलं नाही. पेठेचं हसू आठवडाभर टिकतं, म्हणाले, भाजीवाल्यानेसुद्धा सरबताचं विचारलं. यावर मी काय बोलणार? काकींनी चहा आणला.

कप ठेवता ठेवता तात्या म्हणाले, "आन् तसंबी, त्या पोराच्या जागी तुमी घातलेला गडी चूक हुता. उजवीकडचा डावीकडं आणायचा."

"तात्या, त्याला डावा पायच नाही."

"कशाला लागतोय डावा? आत घुसायचं तर मारायचं उजव्यानंच हाय की."

मग त्यांनी चहाचे कप सरकवायला सुरुवात केली.