फिका पिवळा

"मॅडम, या वेलला रंगच चढला नाही. प्लेट फसली का?"

नव्हती फसली. (वेल म्हणजे चाचणीच्या प्लास्टिक प्लेटमधला छोटा खळगा.) स्टँडर्ड्स, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने, व्यवस्थित चढत्या क्रमाने आले होते; शेजारचं डुप्लिकेट, म्हणजे त्याच रक्ताचा दुसरा वेल, तोही तितकाच फिका. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन. ते मोजायच्या एलायझा या चाचणीत वेलच्या तळाशी चिकटवलेली अँटिबॉडी रक्तातलं फेरिटिन पकडते, एन्झाइम लावलेली दुसरी वरून बसते. टीएमबी हे रंग देणारं रसायन घातलं की निळं, आम्ल घातलं की पिवळं. फेरिटिन जास्त, तर पिवळा गडद. ४५० नॅनोमीटरला मोजायचं, बस.

आकडा आला ९. फॉर्मवर हिमोग्लोबिन १२.३, म्हणजे कागदोपत्री बाई ठणठणीत. तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द: थकवा.

आमच्या ज्युनिअरने फॉर्म दोनदा उलटसुलट केला. "मग हिला कुणी सांगितलं असेल, मनाचे खेळ आहेत म्हणून?"

तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

फेरिटिन मुख्यतः यकृतात, प्लीहेत, अस्थिमज्जेत लोह साठवून ठेवतं. रक्तात दिसतो तो त्याचा जरासा अंश. कणगी रिकामी झाली तरी ताटात भाकरी काही दिवस दिसते, तसं हिमोग्लोबिन उशिरा घसरतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खाली लोहाची कमतरता धरते. अंगात संसर्ग वा सूज असेल तर हेच फेरिटिन फुगतं, म्हणून तिथे मर्यादा ७०. (सोबत सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ततपासणी, का मागतात, ते यासाठी!)

शिबिरांत मात्र बहुतेकदा बोटाला टोचून हिमोग्लोबिन, आणि "छान आहे हो ताई."

तुमच्या घरातल्या सतत दमणाऱ्या बाईचं फेरिटिन कधी तपासलंय?