मिरची पिसाईचं युनिट टाकावं की नाही : एनपीव्ही, आयआरआर काढतानाचा माझा अनुभव

नागपुरात पारडीला आमचं एक गोडाऊन आहे, बाबांनी घेतलेलं. जुना भाडेकरू सोडून गेला आणि घरात चर्चा सुरू झाली की आता परत भाड्याने द्यायचं की स्वतःचं काही टाकायचं. कळमना मार्केट तिथून जवळ, डिसेंबरपासून मिरची यायला लागते ती पार एप्रिलपर्यंत, भिवापूरकडे मामांची शेती, त्यामुळे मिरची पावडरचं युनिट हा विचार कोणाच्याही डोक्यात आला असता. मामांचं तर ठरलेलंच होतं, "भाऊ, पॅकिंग करून स्वतःच्या नावानं विक, लोक दळून विकून राहिले अन् आपण काय नुसती पोती मोजायची?"

बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो म्हणून एकाकडून बनवून घेतला. छान बाइंडिंग, रंगीत ग्राफ, शेवटच्या पानावर आयआरआर (टाकलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के सुटतात तो आकडा) १४ टक्के आणि खाली "प्रकल्प व्यवहार्य आहे". घरचे सगळे खूश. मी कॉमर्सचा, कॉलेजात हे शिकलेलो, पण स्वतःच्या घरचे चोवीस लाख पणाला लागणार म्हटल्यावर ते पान वेगळंच दिसायला लागतं, म्हणून त्याच्याकडून एक्सेलची फाइल मागून घेतली (द्यायला जरा कुरकुर केली त्याने) आणि रात्री एकेक सेल उघडून बघत बसलो.

आकडे असे होते. आज मशिनरी, वायरिंग, पॅकिंग मशीन धरून १८ लाख आणि खेळतं भांडवल ६ लाख, कारण मिरची सीझनला घेऊन कोल्ड स्टोरेजला ठेवावी लागते, नाहीतर रंग उडतो. मग हातात येणारा पैसा पहिल्या वर्षी ३ लाख, दुसऱ्या वर्षी साडेपाच, त्यानंतर सात-सात, आणि पाचव्या वर्षी सातवर भांडवलाचे ६ परत आणि मशीन विकून ३ असे १६ लाख. नुसती बेरीज केली तर ३८.५ लाख, म्हणजे २४ टाकून साडेचौदा लाख सुटले असं वाटतं. पण पाचव्या वर्षीचा लाख म्हणजे आजचा लाख नाही ना. १२ टक्क्यांनी मागे आणला, म्हणजे दर वर्षासाठी एकदा १.१२ ने भागला, तर तो आजचे ५६,७४० रुपये होतो. असं प्रत्येक वर्षाचं मागे आणून बेरीज केली तर २५.५७ लाख येतात, त्यातून २४ गेले की राहतात १.५७ लाख. हा एनपीव्ही. आणि ज्या दराला हा बरोबर शून्य होतो तो आयआरआर, तो १४ च्या किंचित वर येतो, म्हणजे रिपोर्टवाल्याचा तो आकडा खरा होता.

एनपीव्ही मात्र त्याच्या पानावर १.४० लाख होता. याचं कारण एक्सेलमध्ये आहे. एक्सेलचं एनपीव्ही फंक्शन पहिला आकडा एक वर्षानंतरचा धरतं, त्यामुळे आजची गुंतवणूक त्या रेंजमध्ये टाकली की सगळंच एक वर्ष जास्त मागे ओढलं जातं आणि उत्तर १.१२ ने भागून येतं. आजचा आकडा बाहेर ठेवून वेगळा वजा करायचा असतो. यात चिन्ह बदलत नाही, प्लसचं मायनस होत नाही, म्हणून बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

१२ टक्केच का, यावर बाबांशी बरंच झालं. बाबा म्हणाले एफडीला सातच्या आसपास मिळतात, सात धर. मी म्हटलं एफडी झोपेत पण पैसे देते, मिरचीचा धंदा झोप घालवतो, दोघांना एकच दर कसा लावायचा. बँकेचं कर्ज साडेदहाने मिळत होतं, आपल्या पैशाला त्याहून जास्त अपेक्षा ठेवायला पाहिजे कारण नुकसान झालं तर आधी आपलं जातं, असं करून १२ वर आलो. हा आकडा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो. ज्याने त्याने आपल्या कर्जाचा दर आणि आपल्या धंद्याची रिस्क बघून ठरवायचा आणि एकदा ठरवला की आवडत्या प्रोजेक्टसाठी खाली ओढायचा नाही.

बाबांचा दुसरा प्रश्न, "बँकेचा हप्ता कुठं लिहिला रे यात?" लिहायचाच नसतो. व्याज त्या १२ टक्क्यांतच आलेलं आहे, परत वजा केलं तर दोनदा कापलं जातं. डेप्रिसिएशन (मशीनची घसारा म्हणून दाखवायची रक्कम) पण खिशातून जात नाही, मशिनरीवर १५ टक्के धरून टॅक्स जेवढा वाचतो तेवढाच त्याचा संबंध.

पण खरी गोष्ट कुठे अडली, तर गोडाऊनच्या भाड्यात. रिपोर्टमध्ये जागेसमोर "स्वतःची" लिहून शून्य टाकलं होतं. आता त्याच जागेला महिना दहा हजार द्यायला एक जण तयार उभा होता, म्हणजे युनिट टाकलं की वर्षाचे १ लाख २० हजार आपण सोडतोय, मग ते फुकट कसं? ते पाचही वर्षांतून वजा केले आणि १.५७ प्लसचे झाले २.७५ लाख मायनस. आयआरआर १४ वरून आठ आणि थोडं. म्हणजे साडेदहाने कर्ज काढून आठ कमवायचे. मामांना सांगितलं तर ते म्हणाले "आपल्याच जागेचं भाडं आपणच कापायचं, हे कोणतं गणित बावा?" त्यांच्याशी वाद नाही घातला, नुसतं विचारलं की तुम्ही दहा हजार देऊन घेता का मग गोडाऊन.

त्यानंतर काही दिवस कळमन्यात आणि पिसाईवाल्यांकडे फिरलो. मिरचीच्या ढिगाजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की ठसका सुरू होतो, तोंडाला रुमाल बांधून देठं काढत बसलेल्या बायांना मात्र काही वाटत नाही. तिथेच कळलं की देठ आणि ओलावा जाऊन जी घट होते ती रिपोर्टमध्ये फार कमी धरली होती आणि छोट्या मसालेवाल्यांना स्वतःचं मशीन नको असतं, त्यांना कोणीतरी वेळेवर नीट दळून पाहिजे असतं. माल त्यांचा, भाव वर गेला खाली गेला तर टेन्शन त्यांचं, आपण फक्त पिसाईचे पैसे घ्यायचे.

मग दुसरं शीट बनवलं, फक्त जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचा माल दळून द्यायचं. पल्व्हरायझर (दळायचं मशीन) आणि लाइनचं काम ९ लाख, हाताशी १ लाख, एकूण १०. अर्धं गोडाऊन पुरतं, म्हणून सोडलेलं भाडं ६० हजार. ते कापून पहिल्या वर्षी २.४ लाख, मग ३, मग ३.४ दोन वर्षं, आणि शेवटी भांडवल आणि भंगार धरून ५.९. बारा टक्क्यांनी एनपीव्ही २.४६ लाख प्लस, आयआरआर वीसच्या थोडं वर. टाकलेले पैसे सव्वातीन-साडेतीन वर्षांत निघतात, पण त्या आकड्यावर मी फार जात नाही, पैसे निघाल्यावर पुढे काय होतं ते त्यात दिसतच नाही.

मामेभावाने मध्येच तिसरं काढलं, नुसता सीलिंग मशीन आणि काटा घ्यायचा, ५० हजारांत काम, तीन वर्षं तीस-तीस हजार सुटतील. काढून बघितलं तर आयआरआर ३६ टक्के! त्याने लगेच ग्रुपवर टाकलं. पण एनपीव्ही किती तर २२ हजार. टक्का मोठा आणि रुपये छोटे, आणि घर रुपयांवर चालतं. दोनपैकी एकच करायचं असेल तर मी एनपीव्ही बघतो, आयआरआर फक्त कर्जाच्या दरापासून किती लांब आहोत हे कळायला.

जॉबवर्कचं शीट पण एकदा मुद्दाम बिघडवून बघितलं. भाडं कापायच्या आधीची कमाई दहा टक्के कमी धरली तर एनपीव्ही १.१४ राहतो, वीस टक्के कमी धरली तर १८ हजार मायनस. म्हणजे अंदाज चुकायला जागा तेवढीच. हे मी घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि मग विचारलं, चालेल का. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत मग म्हणाले दोन गिऱ्हाइकं आधी पक्की कर. केली.

बँकेत मॅनेजर साहेबांना एनपीव्हीमध्ये फार रस नव्हता, त्यांचा पहिला प्रश्न डीएससीआर, म्हणजे कमाई वर्षाच्या हप्त्याच्या किती पट. मशिनरीच्या ७५ टक्के, पावणेसात लाख कर्ज, वर्षाचा हप्ता पावणेदोन लाखांच्या जवळ, बँक आपलं न मिळालेलं भाडं धरत नाही म्हणून पहिल्या वर्षीची कमाई ३ लाख, म्हणजे दीडच्या वर, चाललं. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत तेव्हा ३५ टक्के सबसिडी होती, कमाल १० लाखांपर्यंत, तिचा अर्ज केला पण शीटमध्ये एक रुपया धरला नाही. सबसिडी धरल्यावरच प्लसमध्ये येतो असा धंदा मला करायचा नव्हता.

पहिल्या वर्षी २.४ च्या जागी २.१ सुटले, दोन मोठ्या ऑर्डरी उशिरा आल्या. बाकी सगळं तसंच धरलं तर एनपीव्ही २.४६ वरून २.२० वर येतो. उरलेलं अर्धं गोडाऊन एका बारदानवाल्याला पाच हजाराने दिलंय, आणि तो आता म्हणून राहिला की पूर्ण जागा द्या, बारा देतो. म्हणजे आपल्या अर्ध्या जागेपायी आता महिन्याला सात हजार सोडतोय, शीटमधले ते साठ हजार आता चौऱ्याऐंशी हजार धरावे लागतील, तेवढं बदलून परत काढायला घेतलंय.