कॉल्डवेल दुभाष्याच्या दोन चौकश्या

१८४०-५० च्या दशकांत हाँगकाँगच्या कोर्टात साक्ष कशी व्हायची, ते आधी पाहू. चिनी साक्षीदार आपल्या बोलीत पाच मिनिटं सांगतो, दुभाषी त्याची दोन वाक्यं इंग्रजीत करतो आणि मॅजिस्ट्रेट तीच दोन लिहून घेतो. मूळ जबानी कागदावर येतच नाही. पुढे कुणाला दाद मागायची झाली तरी हाताशी असतं ते दुभाष्याचं इंग्रजी. अशा खुर्चीत डॅनियल रिचर्ड कॉल्डवेल बसला होता.

सेंट हेलेना बेटावर जन्मलेला हा माणूस चिनी सफाईने बोलायचा, मलायही जाणायचा. समुद्री चाच्यांवर आरमार निघालं की त्यालाही सोबत नेत. १८५५ मध्ये तो नोकरी सोडून गेला आणि कोर्टाचं अडलं. १८५६ मध्ये सरकारने त्याला परत आणलं ते थेट रजिस्ट्रार जनरल (नोंदणी खात्याचा प्रमुख) आणि ‘चिन्यांचा रक्षक’ करून. वेश्यागृहांची नोंदणीही लवकरच त्याच्याच खात्याकडे आली. भाषा एकट्याला येते म्हणून एकेक अधिकार त्याच्याच पदरात पडत गेला. माझ्या मते घोळ इथेच झाला, लाचेचा प्रश्न नंतरचा.

त्याचा खबऱ्या होता मा चाउ वाँग. चाच्यांची खबर हाच आणून देई. पण ज्याच्या शब्दावर आरमार निघतं, तो कुठल्याही नाववाल्याला ‘तुला चाचा ठरवीन’ म्हणून पिळू शकतो, शिवाय स्वतःचे प्रतिस्पर्धी परस्पर बुडवू शकतो. १८५७ मध्ये चाच्यांशी संगनमत केल्याबद्दल मा चाउ वाँगला १४ वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कॉल्डवेल त्याच्या सुटकेसाठी धडपडला.

झडतीत मा चाउ वाँगच्या घरून हिशेबाच्या वह्या मिळाल्या. पोलीसप्रमुख चार्ल्स मे याच्या म्हणण्याप्रमाणे कॉल्डवेलशी असलेले व्यवहार त्यांत होते. पुढे त्या वह्या जाळल्या गेल्या. हुकूम हंगामी वसाहत सचिव ब्रिजेस याचा, आणि ब्रिजेस कॉल्डवेलचा दोस्त.

१८५८ मध्ये अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, थॉमस चिझम अॅन्स्टी याने कॉल्डवेलवर १९ आरोप ठेवले. समिती बसली, साक्षी झाल्या. निष्कर्ष असा निघाला की कॉल्डवेलला पदावरून काढावं इतकं काही सिद्ध होत नाही. वह्याच राहिल्या नव्हत्या, तर होणार काय! निलंबित झाला तो अॅन्स्टी. गव्हर्नर बाउरिंगशी आणि निम्म्या सरकारशी त्याचं आधीच वाजलं होतं; तो तापट होता, आरोप सरसकट फेकायचा. एकोणीसऐवजी चार पक्के आरोप घेतले असते तर समितीला निसटणं अवघड गेलं असतं. चौकशीत कमकुवत आरोप भरले की भक्कम आरोपही त्यांच्यासोबत बुडतात.

वह्या जाळल्याबद्दल ब्रिजेसवर पत्रकार विल्यम टॅरंट याने कडक लिहिलं. सरकारने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नोव्हेंबर १८५८ मध्ये टॅरंट निर्दोष सुटला. गव्हर्नरच्या समितीसमोर जे टिकलं नाही ते ज्युरीसमोर टिकलं. त्यामुळे लंडनमध्येही गवगवा झाला.

नवा गव्हर्नर हर्क्युलीस रॉबिन्सन १८५९ मध्ये आला. त्याने १८६०-६१ मध्ये पुन्हा चौकशी लावली. वह्या तेव्हाही नव्हत्याच. पण या वेळी चौकशी करणाऱ्यांना बाउरिंगच्या काळातली भांडणं सांभाळायची नव्हती. मा चाउ वाँगशी असलेल्या दीर्घ आणि निकटच्या संबंधामुळे हा माणूस सरकारी नोकरीला अपात्र ठरला आणि १८६१ मध्ये बडतर्फ झाला. लाच घेतल्याचा पुरावा शोधत बसण्यापेक्षा ‘या संगतीचा माणूस या खुर्चीत नको’ एवढाच प्रश्न विचारणं सोपं होतं, आणि तोच कामाला आला.

दुभाष्यावरची भिस्त कमी करायला रॉबिन्सनने कॅडेट योजना काढली. १८६२ मध्ये डीन, स्मिथ आणि टॉनॉकी हे तीन तरुण इंग्लंडहून आले. आधी चिनी शिकायचं, मग अधिकार. स्मिथ पुढे रजिस्ट्रार जनरल झाला, डीन पोलीसप्रमुख.

कॉल्डवेल मात्र हाँगकाँगमध्येच राहिला. गव्हर्नर मॅकडॉनेलच्या काळात जुगाराच्या अड्ड्यांना परवाने मिळाले, तेव्हा परवानेवाल्यांनी त्याला भरघोस पगारावर ठेवून घेतलं.