पाच तारखेचा हप्ता आणि सोमवारचे हजार रुपये

फेब्रुवारीच्या 5 तारखेला माझ्या स्कूटरचा 3,150 रुपयांचा हप्ता परत गेला. खात्यात 2,890 होते. 260 रुपये कमी पडले आणि त्यापायी बँकेने 500 रुपये दंड, वर 18 टक्के जीएसटी, असे 590 कापले. मिरजेच्या लॅबमध्ये एका आजींचं रक्त काढून नुकतीच बसले होते, तेव्हा मेसेज वाचला. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आमचा पगार 7 तारखेला होतो, त्यामुळे 5 तारीख म्हणजे माझा खरा महिनाअखेर.

त्या रविवारी बँकेच्या ॲपमधून महिन्याचं स्टेटमेंट उतरवून घेतलं आणि वही घेऊन बसले. एकूण 143 नोंदी. त्यातल्या 96 शंभर रुपयांच्या आतल्या! वडापचे (शेअर जीपचे) 20, चहाचे 15, भडंगाचं पाकीट, झेरॉक्स. बेरीज 4,310 रुपये. एकही खर्च उधळपट्टीचा नव्हता, आणि तरीही माझा हप्ता त्यांनीच खाल्ला होता.

त्याहून त्रास झाला तो नावांचा. भाजीवाल्या मावशींचा स्कॅनर त्यांच्या मुलाच्या नावावर, चहावाल्याचा मेहुण्याच्या. निम्म्या नोंदींपुढे कुणाची तरी अनोळखी नावं, पैसे कशाचे ते आठवेना. तेव्हापासून पैसे पाठवताना खाली टीप लिहायची जागा असते ना, ती मी रिकामी सोडत नाही. 'भाजी', 'औषध', 'सासूबाई चष्मा'. मराठीतच लिहिते. दोन सेकंद लागतात.

त्याच दिवशी ॲपमधला ऑटोपेचा, म्हणजे दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा भाग पहिल्यांदा उघडला. मुलाला एक कार्टून बघायचं होतं म्हणून कधीतरी चालू केलेलं सबस्क्रिप्शन तिथे सापडलं. महिना 199, अकरा महिने, म्हणजे 2,189 रुपये. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना पाठवावी लागते आणि ती येतही होती. ऑफरांच्या मेसेजांच्या गर्दीत मी ती उघडलीच नव्हती. लगेच बंद केलं. तुम्हीही एकदा तिथे जाऊन बघा, मनापासून सांगते.

मग मुख्य बदल. त्याच बँकेत माझं लग्नाआधीचं बचत खातं पडून होतं. यूपीआय पगाराच्या खात्यावरून काढलं आणि त्या जुन्या खात्याला जोडलं. आता दर 8 तारखेला घरखर्चाची ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाते. हप्ता, भाडं आणि विम्याचे पैसे पगाराच्या खात्यातच राहतात, आणि रस्त्यावरच्या कुठल्याही स्कॅनरचा हात तिथवर पोहोचत नाही. आधी ॲप उघडून जो आकडा दिसायचा तो सगळा खर्चायचाच, असं वाटायचं. आता खर्चाच्या खात्यात दिसतात ते पैसे खरोखरच खर्चाचे असतात.

किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोट्या रकमांचं पाकीट. दर सोमवारी सकाळी त्यात हजार रुपये असतील एवढे भरते. हे व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एकेक करून येत नाहीत, फक्त पैसे भरल्याची नोंद येते, त्यामुळे 143 ओळींचा पसारा आटोपला. त्यात 5,000 पर्यंत ठेवता येतात, पण मी ठेवत नाही. एक तर त्यावर व्याज नाही, आणि पैसे देताना पिन लागत नाही. उद्या वडापमध्ये फोन राहिला तर? आपोआप भरण्याची सोयही मुद्दाम बंद ठेवली आहे. गुरुवारी पैसे संपले तर शुक्रवारचा चहा डब्यासोबत घरून नेते.

नवऱ्याला आधी हे सगळं फार वाटलं. पण एप्रिलमध्ये मुलाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे कुणाकडे न मागता निघाले, तेव्हा त्यानेही स्वतःचं दुसरं खातं करून घेतलं.

8 मार्चपासून महिना हजारची सहा महिन्यांची आरडीही (दरमहा ठरलेली रक्कम भरायची ठेव) ॲपमधूनच सुरू केली आहे. ती 8 सप्टेंबरला मिळेल, गणपती 14 ला बसतायत. सासूबाईंना गौरींसाठी या वर्षी नवे मुखवटे घ्यायचेत, त्यांनी सांगलीच्या गणपती पेठेत बघूनही ठेवलेत.

आज सोमवार. लाइटमध्ये मागच्या आठवड्याचे 140 शिल्लक होते, म्हणून सकाळी 860 च भरले.