अख्खा डोंगर गंजतो तेव्हा

शाळेत ऑक्सिडेशनचा धडा आला की हमखास गंजलेला खिळा येतो. उदाहरण बरोबरच आहे, पण रत्नागिरीतल्या पोराला खिळ्यापर्यंत जायची गरजच काय? तो ज्या घरात बसून ते वाचतोय त्याची भिंत जांभ्याची, म्हणजे कोकणातल्या तांबड्या भोकाभोकांच्या दगडाची, बाहेरचा गडगा (दगडी कुंपण) जांभ्याचा, विहीर बांधलीये तीही जांभ्याने, आणि जांभ्याचा तांबडा रंग म्हणजे खिळ्यावर चढतं तेच आयर्न ऑक्साइड. मला अगदी मनापासून वाटतं की कोकणातल्या शाळांनी केमिस्ट्री आणि भूगोल दोन्ही या एका दगडापासून सुरू करावं, कारण आपली जमीन आंबट का, विहिरी एप्रिलात तळ का गाठतात, पेरणीआधी भाजावळ, म्हणजे पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, का करतात, या सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

सुरुवात काळ्या दगडापासून. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याचाच हा बेसॉल्ट, सह्याद्रीचा काळा कातळ. त्यात जवळजवळ निम्मी सिलिका, बाकी अॅल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडं सोडियम-पोटॅशियम. आता यावर पाऊस पडतो, आणि पावसाचं पाणी तसं अगदी न्यूट्रल नसतंच, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्यात सौम्य कार्बोनिक अॅसिड तयार होतं, स्वच्छ पावसाचा पीएचसुद्धा साधारण ५.६ भरतो, आणि मातीतून खाली जाताना मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मिसळून ते आणखी आंबट होतं. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि हे लाखो वर्षं चाललंय. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पटकन विरघळतात, ते व्हाळातून (ओढ्यातून) खाडीत आणि खाडीतून समुद्रात. सिलिका हळूहळू जाते पण तीही जाते. लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मात्र पाण्याला दाद देत नाहीत, ती जागेवर राहतात. चहा गाळल्यावर गाळणीत चोथा उरतो ना, तसा जांभा हा उरलेला दगड आहे. जिथे अॅल्युमिनियम जास्त साठलं तिथे बॉक्साइट मिळतं, ते रत्नागिरी-रायगडात आहेच.

विद्राव्य आणि अविद्राव्य हे दोन शब्द मुलं पाठ करतात, मीठ आणि वाळूचा प्रयोग करून सोडून देतात. अख्खा सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, त्याच प्रयोगातून झालाय हे त्यांना कुणी सांगतच नाही!

एखाद्या चिरेखाणीत जाऊन ताजा कापलेला चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, नीट बघा. एकसारखा लाल कधीच नसतो. लाल भागाला लागून पिवळे पट्टे असतात, मध्ये पांढरट मातीने भरलेली वाकडीतिकडी भोकं असतात, आणि जुन्या चिऱ्यातली तीच भोकं रिकामी दिसतात कारण माती धुऊन गेलेली असते. लाल म्हणजे मुख्यतः हेमटाइट, पिवळं म्हणजे गोएथाइट, दोन्ही लोहाचीच खनिजं पण गोएथाइटच्या रचनेत पाण्याचा अंश अडकलेला असतो. पिवळा खडा चुलीच्या निखाऱ्यात चांगला तापवला की ते पाणी निघून जातं आणि खडा लाल होतो. हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्या, मोठं माणूस जवळ हवं एवढंच, आणि खडा आधी कडकडीत वाळवून घ्या नाहीतर तडकतो. ताजा चिरा मऊ असतो, तो हवेवर पडला की कडक होत जातो, कारण लोहाची ही खनिजं वाळून घट्ट स्फटिकरूप धरतात.

सड्यावर काय उगवतं तेही याच हिशोबातलं. मातीचा पातळ थर, त्यात नायट्रोजन, फॉस्फरसची बोंब, म्हणून पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती दिसतात, जमिनीतून मिळत नाही ते किड्यांतून घेतात. आणि पाणी? जांभा सच्छिद्र, धो धो पडलेलं पाणी आत मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि उताराला झरे म्हणून बाहेर पडतं. जुलैत तुडुंब विहीर एप्रिलात कोरडी पडते ती त्यामुळे, पाऊस कमी पडला म्हणून नाही. हायवेसाठी कापलेल्या डोंगरांत काही ठिकाणी हे थर एकाखाली एक स्वच्छ दिसतात, वर लाल टोपी, खाली ठिपकेदार, मग पांढरट-जांभळट माती, तळाला काळा दगड. दरडीच्या अगदी पायथ्याशी नका जाऊ, लांबून बघा.

आता भाजावळ. कवळं (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पातेरा (सुका पाला), गवत, शेण पसरून दाढ, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजतात आणि त्यात तरव्यासाठी (लावणीच्या रोपांसाठी) बी पेरतात. पावसाने जे पोटॅशियम-कॅल्शियम नेलं त्यातलं थोडं झाडांनी मुळांतून उचलून पानांत साठवलेलं असतं, आणि जाळलं की राखेतून ते जमिनीला परत मिळतं. शिवाय राख अल्कलाइन, म्हणजे आंबट मातीवर उतारा. जाळण्यात नायट्रोजन धुरात जातो हा त्यातला तोटा, तो मुलांना सांगायलाच हवा. पडताळायला लिटमस नको, जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घाला, त्या पाण्यात लिंबू पिळलं की गुलाबी, राखेची निवळ घातली की हिरवट.

शेवटी एक गोष्ट, जिच्यावरून दरवर्षी कुणीतरी घाबरून फोटो पाठवतं. कुणग्याच्या (भातशेताच्या तुकड्याच्या) बांधाशी साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आणि खाली नारिंगी गाळ. पाण्याखाली ऑक्सिजन संपला की जीवाणू आयर्न ऑक्साइड वापरतात, लोह विरघळतं, आणि पाझरून हवेत आलं की पुन्हा गंजतं. काडीने तवंग ढवळा, काचेसारखे तुकडे झाले तर लोह, फाटून परत जुळला तर तेल. काही बोअरचं पाणी कळशीत भरताना नितळ आणि सकाळी तळाशी तांबडं दिसतं, त्यामागेही हेच. असं पाणी दोन भांड्यांत उंचावरून चारपाच वेळा ओता, रात्रभर ठेवा, वरचं पाणी जाड सुती कापडातून गाळा, बरंचसं लोह कापडावर राहतं. पिण्यासाठी मात्र एकदा पाणी तपासून घ्या.